पहिली बातमी मेलेल्या माकडाची

1957 साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि आसपासच्या गावांत माणसे तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने या तापाचा विषाणू आणि तो पसरवणारी गोचीड शोधून काढली. तोच रोग 2015 मध्ये गोव्यात सत्तरीला आणि 2016 मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात थैमान घालून गेला.

अशा तापाची बातमी कशी येते? पहिल्या वर्षी 'गूढ ताप' म्हणून ठळक मथळा. मग रुग्णांचे रोजचे आकडे. दुसऱ्या वर्षी तेच आकडे आतल्या पानावर. पाऊस पडला, की बातमी बंद. रोग मात्र रानातच असतो.

काजूच्या हंगामात बाई उजाडताच बागेत जाते. वाकून पातेऱ्यात हात घालते, बोंडू उचलते, पिरगळून बी काढते. त्याच पातेऱ्यात तिळाएवढी गोचीड दबा धरून असते. हंगामाआधी कोणी सांगितले असते, तर ती अंगभर कपडे घालून, हातापायांना गोचीडरोधक तेल लावून गेली असती, घरी येताच गरम पाण्याने न्हाली असती. शेजारीण दवाखान्यात पोचल्यावर छापलेली बातमी तिच्या काय कामाची?

शिवाय या रोगाच्या 'माकडताप' या नावाने माकड गुन्हेगार ठरते. खरे तर तेही आपल्यासारखेच गोचिडीच्या चाव्याने मरते आणि बहुधा आपल्याआधी मरते. त्याच्या मृतदेहावरून उतरलेल्या गोचिडी नवे रक्त शोधतात. म्हणून रानात माकड मेलेले दिसले, तर त्याला हात न लावता वनखात्याला आणि आरोग्य केंद्राला कळवायचे असते. माकडांना दगड मारून रोग हटत नाही. रोग्याला वाळीत टाकण्याचेही कारण नाही, कारण हा ताप माणसाकडून माणसाला होत नाही.

माणूस दगावल्याशिवाय बातमी होत नाही, ही सवय आपण वाचकांनीही वार्ताहरांना लावली आहे. ती मोडायला हवी. दिवाळी उलटली, की कोकण-गोव्यातल्या वार्ताहरांनी आरोग्य केंद्रात जाऊन दोनच प्रश्न विचारावेत: तेल आले का? कुठे माकड मेल्याची खबर आहे का? मिळालेले उत्तर पहिल्या पानावर छापावे. काजू मोहरण्याआधी.