पिस्टनभोवतीची जागा

बसा. हात मांडीवर मोकळे ठेवा. आता त्या हातात बिडाचा एक दंडगोल आहे असं समजा. मधून आरपार पोकळ, आतला व्यास २५ मिलिमीटर. त्याचं वजन जाणवू द्या, थंडपणा जाणवू द्या. हा एका छोट्या वाफेच्या इंजिनाचा सिलिंडर आहे. टेबलाच्या कोपऱ्यावर मावणारं, तरीही खरोखर चालणारं इंजिन घरच्या खोलीत कसं घडतं, याचं आपण सावकाश मनन करणार आहोत. लेथ कधी पाहिला नसेल तरी हरकत नाही. लक्ष द्यायची तयारी पुरे.

ही खोली सुरतेत आहे असं धरू. उधना किंवा लिंबायत भागातली. तापी खानदेशातून वाहत या शहराला येते आणि जळगाव, धुळे, नंदुरबारची कितीतरी मराठी कुटुंबं तिच्याच दिशेने कामासाठी इथे येऊन स्थिरावली. जळगावहून येणारा रेल्वेमार्गही उधन्यालाच मुख्य मार्गाला मिळतो. यंत्रमागांचा आवाज इथे दिवसरात्र असतो. मागावर काम करणारा माणूस डोळ्यांआधी कानांनी ओळखतो की काहीतरी बिनसलं आहे. वराछा, कतारगाम या भागांत फिरत्या बिडाच्या चकतीवर तेलात कालवलेली हिऱ्याची भुकटी लावून हिरे घासतात. बिडाच्या पृष्ठभागावर न दिसणारी बारीक छिद्रं असतात. त्या छिद्रांत चकती भुकटी धरून ठेवते आणि तुमच्या हातातला सिलिंडर तेल धरून ठेवतो. या शहराच्या हातांना हा धातू नवा नाही.

आता सिलिंडर लेथच्या चकमध्ये, म्हणजे त्याच्या फिरत्या पकडीत, धरा. घट्ट, पण चेंगरणार नाही इतकाच. लेथ सुरू करा. भोक आतून कातणारं बोअरिंगचं टूल आत जाऊ द्या. बीड कोरडंच कातलं जातं आणि त्याचा कीस काळ्या भुकटीसारखा खाली पडतो. पितळेचे बारीक कण उडतात, पोलादाची लांब वेटोळी निघतात. कुठला धातू कातला जातोय, हे किसावरूनच कळतं. शेवटचा काप अगदी हलका घ्या. मग टूल तसंच ठेवून, काप न वाढवता, पुन्हा एकदा आतून फिरवा. पहिल्या वेळी दाबाने किंचित मागे सरलेलं टूल आता राहून गेलेला धातू काढतं. काहीच न वाढवता केलेली ही फेरी भोक सरळ आणि गोल करते. श्वास सावकाश सोडा आणि या फेरीकडे पुरतं लक्ष द्या.

आता पिस्टन. तो सिलिंडरमध्ये सरकला पाहिजे, पण वाफ त्याच्या बाजूने निसटता कामा नये. म्हणजे दोहोंमध्ये जागा हवी, आणि ती फार असून चालणार नाही. किती? दोन-तीन शतांश मिलिमीटर. माणसाचा केस साधारण सात शतांश मिलिमीटर जाड असतो. म्हणजे केसाच्या निम्म्याहून कमी. बारीक मापं घेणारा मायक्रोमीटर मिटवताना बोटांना जाणवणारा तो हलका अडथळा आठवा, किंवा मनात घडवून पाहा. इंजिनाचं सगळं चालणं या अदृश्य जागेवर अवलंबून आहे.

इथे थोडं थांबू, कारण खरा प्रश्न इथेच आहे. समजा, सिलिंडर बिडाचा आणि पिस्टन पितळेचा केला. थंड असताना दोन शतांशांची जागा सोडली. पिस्टन बोटाने सुरेख सरकतो. मग वाफ येते आणि धातू शंभर अंशांनी तापतो. २५ मिलिमीटरचा पितळी पिस्टन जवळजवळ पाच शतांशांनी फुगतो, सिलिंडरचं भोक मात्र तीन शतांशांहूनही कमी वाढतं. दोन शतांशांची जागा संपली. काही मिनिटांपूर्वी डौलात सरकणारा पिस्टन जागच्या जागी धरला जातो. यात कारागिरी कच्ची नव्हती, मापही अचूक होतं. फक्त ते माप थंड धातूचं होतं. म्हणून जाणता कारागीर पिस्टनही बिडाचा करतो, किंवा पितळेसाठी जागा वाढवून घेतो. पुढे येणारी ऊब त्याने आधीच हिशोबात धरलेली असते.

हे मनात मुरू द्या, आणि आता थोडं मागच्या काळात जाऊ.

१७६३-६४ च्या हिवाळ्यात ग्लासगो विद्यापीठातली न्यूकमेन इंजिनाची, म्हणजे वाफ सिलिंडरच्या आतच थंड करणाऱ्या त्या काळच्या इंजिनाची, एक छोटी प्रतिकृती दुरुस्तीसाठी जेम्स वॉटकडे आली. तिचा सिलिंडर अवघ्या दोन इंचांचा. दुरुस्त झाली, तरी ती चार-दोन हेलकाव्यांतच वाफ संपवून थांबायची. मोठं इंजिन चालतं आणि तेच लहान केलं की का थांबतं? लांबी निम्मी केली तर पृष्ठभाग चौथा हिस्सा उरतो आणि आतली पोकळी आठवा हिस्सा. म्हणजे लहान सिलिंडरमध्ये वाफ थोडी आणि तिला थंड करणारी भिंत त्या मानाने जास्त. मोठ्या इंजिनात झाकला जाणारा दोष छोट्याने उघडा केला. वॉट त्या दोषाशी थांबून राहिला आणि १७६५ मध्ये त्याला वाट सापडली: वाफ थंड करायची ती सिलिंडरच्या बाहेर, वेगळ्या भांड्यात. पण कल्पना सुचली तरी पुरेसा गोल मोठा सिलिंडर कातणारं कुणी नव्हतं. तो सुमारे १७७५ मध्ये जॉन विल्किन्सनच्या बोअरिंग यंत्रावर मिळाला. मधली दहा वर्षं कल्पना तयार होती आणि पिस्टनभोवतीची जागा तयार नव्हती.

आणि आता पुन्हा सुरतेकडे. लवजी नुसरवानजी वाडिया हे सुरतेचे जहाजबांधणी कारागीर. १७३६ मध्ये ते मुंबईला गेले आणि पुढे त्यांच्या घराण्याने पिढ्यान्पिढ्या मुंबईच्या गोदीत जहाजं बांधली. त्याच घराण्यात १८०८ मध्ये अर्देशीर करसेटजी जन्मले. घराणं सागवानी जहाजांचं, ओढ मात्र वाफेची. तरुणपणी त्यांनी एक अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन स्वतः घडवलं आणि विहिरीचं पाणी उचलून एका लहानशा कारंज्याला पुरवायला लावलं. पुढे 'इंडस' नावाच्या छोट्या जहाजावर त्यांनी वाफेचं इंजिन बसवलं. १८४१ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय फेलो झाले आणि मुंबईच्या सरकारी वाफयंत्र कारखान्याचे मुख्य अभियंताही. हा क्रम मनात धरा. आधी कारंजं, मग जहाज. कारंज्याचं इंजिन कुणाच्या पोटापाण्यासाठी नव्हतं, पण वाफ काय मागते हे हातांना त्यानेच शिकवलं असणार.

आता तुमचं इंजिन जुळवू. पिस्टन, त्याचा दांडा, दांड्याला सरळ ठेवणारा क्रॉसहेड, कनेक्टिंग रॉड, सरळ धाव गोल फिरवणारी क्रँक आणि फ्लायव्हील, म्हणजे जड चाक. शेवटचा स्क्रू आवळा आणि फ्लायव्हील एका बोटाने फिरवा. एका ठिकाणी ते अडेल. बहुतेकदा अडतंच. जोर लावू नका. एकेक स्क्रू थोडा सैल करा आणि प्रत्येक वेळी पुन्हा फिरवून पाहा. कुठे मोकळं होतं ते बोटाला कळेल. पुष्कळदा एक भाग दोषी नसतो. प्रत्येकात थोडासा तिरपेपणा असतो आणि सगळ्यांची मिळून अडचण होते. तेल घाला, लेथच्या आधाराने इंजिन बराच वेळ संथ फिरवत ठेवा, भागांना एकमेकांशी जुळून येऊ द्या. बॉयलरचा विचार सध्या बाजूला ठेवा. पहिल्यांदा कॉम्प्रेसरची थोडी हवा पुरते.

हवा सोडण्यापूर्वी पिस्टनच्या धावेच्या दोन टोकांकडे बघा. तिथे पिस्टन क्षणभर स्थिर असतो. त्या जागी कितीही दाब दिला तरी क्रँक फिरत नाही, फ्लायव्हीलमध्ये साठलेली आधीची गतीच तिला पुढे नेते. वाफेची झडपही पिस्टन टोकाला पोहोचण्याच्या किंचित आधी उघडावी लागते. जागेत जशी मोकळीक सोडावी लागते, तशी वेळेतही. झडप उशिरा उघडली तर परतीच्या धावेच्या सुरुवातीला पुरता जोर मिळत नाही. फार आधी उघडली तर इंजिन स्वतःलाच मागे ढकलतं.

आता स्वतःकडे वळा. तुमच्या कामात, घरात, एखाद्या नात्यात कुठे असं माप घेतलं आहे जे थंड वेळी अगदी नेमकं बसतं? ऊब आल्यावर, ओझं वाढल्यावर, दिवस कठीण झाल्यावर तिथे किती जागा उरेल? उत्तर लगेच नको. प्रश्न काही श्वास तसाच राहू द्या. आणि जिथे फार सैल सोडलं आहे, जोर बाजूने निसटून जातो आहे, तिकडेही एकदा बघा. दोन्ही चुका एकाच मापाच्या आहेत, आणि दोन्ही दुरुस्त होतात.

सुरतेत, जळगावात, कोल्हापुरात असंख्य हात रोज दुसऱ्याने बनवलेलं यंत्र चालवतात आणि दुरुस्त करतात. त्यांच्या मुलामुलींना एकदा तरी एक संपूर्ण इंजिन, लहान का होईना, स्वतः घडवायला मिळावं असं मला मनापासून वाटतं. आयटीआयच्या वर्गात मिळो की घरच्या खोलीत. बिडाचा एक तुकडा, एक मायक्रोमीटर आणि शेजारी बसून घाई न करणारं एक जाणतं माणूस, इतकं जमवता येतं. तुमच्या ओळखीत असं मूल असेल तर त्याच्यासाठी यातलं काय जमवता येईल, ते आज ठरवा.