विलिस कोनोव्हर: परदेशी गाजलेला आवाज

विलिस कोनोव्हर हे शीतयुद्धाच्या काळात जगभर सर्वाधिक ऐकल्या गेलेल्या जॅझ-निवेदकांपैकी एक. त्यांच्या स्वतःच्या देशात, अमेरिकेत, मात्र त्यांना फारसे कोणी ओळखत नव्हते. १९२० साली बफेलोत जन्म, मेरीलँडमधल्या एका लहान नभोवाणी केंद्रावर उमेदवारी, महायुद्धात लष्करी नोकरी आणि मग वॉशिंग्टन. जानेवारी १९५५ मध्ये ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या अमेरिकी सरकारच्या परदेशांसाठीच्या नभोवाणीवर त्यांचा ‘म्युझिक यूएसए’ हा जॅझचा कार्यक्रम सुरू झाला आणि चाळीसहून अधिक वर्षे चालला.

सुरुवातीला ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदाचे ‘टेक द ए ट्रेन’ वाजे. मग खर्जातला, संथ आवाज. लघुलहरींवर तो येई-जाई, मागे खरखर असे. परभाषिक श्रोत्याला कळावे म्हणून कोनोव्हर एकेक शब्द सुटा उच्चारत. वादकांची नावे, रेकॉर्डचा तपशील आणि पुन्हा संगीत. पोलंड-रशियातले होतकरू वादक हे सारे टेपवर उतरवून घेत आणि ऐकून ऐकून हातात बसवत. सोव्हिएत यंत्रणा रशियन भाषेतली परदेशी प्रक्षेपणे गोंगाटात बुडवत असे. इंग्रजी कार्यक्रम बहुतांशी सुटत. १९५९ साली कोनोव्हर वॉर्सॉला उतरले, तेव्हा विमानतळावरची गर्दी दुसऱ्याच कोणा बड्या पाहुण्यासाठी असावी, असे त्यांना वाटले. ती त्यांच्यासाठीच जमली होती.

हा सरकारी प्रचारच नव्हे का? पैसा सरकारचा होता, हेतूही उघड होता. पण कोनोव्हर कायमच्या नोकरीत न शिरता कंत्राटी राहिले, रेकॉर्डी स्वतः निवडत आणि कार्यक्रमात राजकारण आणत नसत. श्रोत्यांचा विश्वास बसला तो या अलिप्ततेमुळे. लय आणि स्वरसंगतीचे बंधन सगळ्यांनी पाळायचे, त्यात प्रत्येकाने आपले म्हणणे मांडायचे, ही जॅझची रीत म्हणजे लोकशाहीचीच रीत, असे ते मानत. हे म्हणणे जरा सोयीचे होते: त्याच काळात अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीय वादकांना गोऱ्यांच्या हॉटेलात खोली मिळत नव्हती. तरी त्यांना ढोंगी म्हणता येत नाही. वॉशिंग्टनमधल्या आपल्या मैफलींत गोरे-काळे श्रोते एकत्र बसावेत, असा आग्रह त्यांनी चाळीसच्या दशकातच धरला होता.

मायदेशी ते अनोळखी राहिले, त्यामागे कायदाही होता: सरकारी नभोवाणीचा प्रचार आपल्याच नागरिकांवर होऊ नये, म्हणून १९४८च्या स्मिथ-मुंट कायद्याच्या चौकटीत हे कार्यक्रम अमेरिकेत प्रसारित होत नसत. कोनोव्हर १७ मे १९९६ रोजी वारले. ही बंदी सैल झाली ती २०१३ साली.