लेकराशी खोटे बोलावे काय?

आमच्या वर्धा जिल्ह्यात सिकलसेलची लेकरे पुष्कळ. तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक शिरांत अडकतात, अन् हातपाय असे ठणकतात की पोर रातभर कण्हते. आईबाप दोघांकडून आलेला हा रोग जन्माची सोबत करतो. रक्त तपासायला सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात पुन:पुन्हा जायचे, आणि पांढरा डगला दिसताच लेकराने मायचा पदर घट्ट धरायचा.

अशा वेळी आम्ही माळकरी माणसेसुद्धा बोलून जातो, "विठोबाची आण, सुई नाही टोचणार." दयेपोटी बोललेल्या खोट्यात पाप कसले, असे आम्हांसही वाटे. पण सुई टोचतेच! मग लेकराचा मायच्या शब्दावरचा विश्वास उडतो, अन् ज्याची आण वाहिली त्या विठोबावरचाही. एकदाच जायचे असते तर गोष्ट निराळी. इथे पुढच्या महिन्यात पुन्हा तीच पायरी चढायची आहे. (जेवत नाही म्हणून "डॉक्टरला बोलावतो" अशी धमकी देणाऱ्यांना तर हात जोडावे.)

त्यापेक्षा आदल्या दिवशीच सांगावे, "बाळा, उद्या टोचन, थोडं दुखन. रडला तरी चालते. मी हात सोडत नाही." बाहुलीला आधी टोचू द्यावे. डॉक्टरांची हरकत नसेल तर कोणता हात, हे त्यालाच ठरवू द्यावे. मांडीवर घ्यावे, आडवे दाबून धरू नये. सुई आत असता दोघांनी मिळून विठ्ठल विठ्ठल म्हणावे, हळूहळू, बाहेर निघेपर्यंत.