हसण्याचे मोल कोणी द्यावे?

विनोद निष्पाप असतो, असे आपण सहज म्हणून जातो. पण आपल्याला हसू यावे म्हणून कोणाची तरी फजिती व्हावी लागते. ती कोणाची व्हावी, हा प्रश्न मला नीतीचा वाटतो. आणि त्याचा विचार करताना मला मनोहर दीक्षित आठवतात.

हे नाव आज फारसे कोणाला ठाऊक नाही. स्थूल देहाचे हे मराठी नट मूकपटांच्या अखेरच्या काळात पडद्यावर आले. मुंबईच्या 'रणजित'मध्ये सडपातळ घोरींशी त्यांची जोडी जमली, ती १९३२ च्या 'चार चक्रम'मध्ये. दिग्दर्शक होते आमच्या सुरतेत जन्मलेले जयंत देसाई. लोक या जोडीला हिंदुस्थानचे लॉरेल-हार्डी म्हणू लागले.

१९३१ साली 'आलम आरा' आला आणि पडदा बोलू लागला होता. तरी दीक्षित-घोरींचे भांडवल मूकपटाचेच होते: स्वतःचा देह. मूकपटात मजकुराच्या पाट्या एकाहून अधिक भाषांत दाखवीत; पण घसरून पडणाऱ्याला कोणत्याच पाटीची गरज नसे. मराठी, गुजराती, उर्दू बोलणारे एकाच वेळी हसत.

शब्द आले आणि हसण्याला नवे सावज मिळाले: दुसऱ्याची बोली. आपल्या नाटकांतला मोडके मराठी बोलणारा शेठ आठवा, आणि त्यांच्या प्रहसनातला मोडके गुजराती बोलणारा मराठी घरगडी. येथे नट पडत नाही. एक अख्खा समाज पडतो, आणि त्याला कोणी विचारलेले नसते.

उधना-लिंबायत भागात खानदेशातून आलेली हजारो मराठी घरे आहेत. माझ्या आईच्या गुजरातीतले अहिराणी वळण कधी लपले नाही. एकदा दुकानातल्या पोराने तिची हुबेहूब नक्कल केली. सगळे हसले; तिचा नातूही हसला. तेव्हापासून ती दुकानात बोलत नाही, बोट दाखवून जिन्नस मागते.

कोणी म्हणेल, दीक्षितांच्या पोटाला हसणे तरी कुठे सभ्यपणाचे होते? आक्षेप खरा आहे. प्रेक्षकांतल्या एखाद्या लठ्ठ मुलाला ते हसू लागलेही असेल. पण दीक्षित स्वतःहून पडत, त्याचा मोबदला घेत आणि पुन्हा उठून उभे राहत. माझी आई रंगमंचावर आलीच नव्हती.

दीक्षित १९४९ साली गेले. घोरी फाळणीनंतर पाकिस्तानात गेले. मूकपट सुमारे १,३०० झाले, पण आज हाती उरलेत ते अगदी मोजके. त्या हसवणाऱ्यांचे आपल्यावर ऋण असेल तर ते एवढेच, की हसण्यापूर्वी पाहावे, मोल कोण देतो आहे. ज्याला आपण हसलो, त्याला उद्या आपल्याशी बोलावेसे वाटेल काय? दोन भाषांत राहणाऱ्या आपल्या घरांना विनोदाची याहून चांगली कसोटी मला सुचत नाही.