आईपण हे हत्यार कुणाचं?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत टँकरवरून मीटिंग झाली. मी बोलायला उभी राहिले, तर मागून एक काकू म्हणाल्या, "अगं, तुला ना पोर ना बाळ. घरात पाणी नसलं की काय होतं ते तुला काय कळणार?" सगळे हसले, मीही हसले. मग त्याच काकू उठल्या आणि "आम्हा आयांचं ऐकणार आहात की नाही?" असं म्हणून त्यांनी अध्यक्षांना गप्प केलं. दुसऱ्या दिवशी टँकर आला.

ज्या शब्दानं माझं तोंड बंद झालं, त्याच शब्दानं काकूंचं काम झालं. याचं काय करायचं?

त्या रात्री मला लेमा ग्बोवी आठवल्या. लायबेरियात यादवी पेटली तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या. पुढे मारहाण करणारा जोडीदार, पंचविशीच्या आसपास पदरात चार मुलं, हातात पैसा नाही. त्याला सोडून त्या बाहेर पडल्या आणि युद्धात बंदूक धरलेल्या पोरांबरोबर समुपदेशनाचं काम करू लागल्या. २००३मध्ये मन्रोव्हियाच्या मासळीबाजाराजवळच्या मैदानात ख्रिश्चन आणि मुस्लिम बायका पांढरे कपडे घालून रोज बसायला लागल्या. उन्हात बसल्या, पावसातही बसल्या. राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर यांचा ताफा त्याच रस्त्यानं जायचा.

शांतता चर्चा घानात सुरू झाली, तसा बायकांचा एक गट तिकडे पोचला. आठवडे गेले. युद्धाचे म्होरके हॉटेलात राहत होते आणि इकडे गावी माणसं मरत होती. जुलैमध्ये अक्रात या बायकांनी सभागृहाची दारं अडवली आणि करार झाल्याशिवाय कुणाला बाहेर सोडणार नाही म्हणाल्या. सुरक्षारक्षक आले. 'न्यायात अडथळा' आणल्याबद्दल अटक करू, असं म्हणाले. न्याय हा शब्द ऐकून ग्बोवी भडकल्या. उभ्या राहिल्या आणि अंगावरचे कपडे उतरवायला लागल्या.

पश्चिम आफ्रिकेत बऱ्याच ठिकाणी आईच्या वयाच्या बाईनं मुद्दाम विवस्त्र होणं हा पुरुषाला शाप मानतात. रक्षक मागे सरले. मध्यस्थ जनरल अबुबकर यांना येऊन समजूत घालावी लागली. १८ ऑगस्टला करारावर सह्या झाल्या.

केनियातही हे घडलं होतं. १९९२मध्ये राजकीय कैद्यांच्या आया नैरोबीच्या उहुरू पार्कमध्ये उपोषणाला बसल्या. सोबत वांगारी माथाई होत्या. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, तेव्हा काही आयांनी कपडे उतरवले. आणि आपल्याकडे २००४मध्ये इम्फाळच्या कांगला किल्ल्यासमोर बारा जणींनी तेच केलं.

हे वाचताना अंगावर काटा येतो. पण माझा प्रश्न तिथेच सुरू होतो. हा शाप चालतो तो बाई माणूस आहे म्हणून नाही, ती आई आहे म्हणून. ज्या रूढीनं बाईला आईपणात कोंडलं, तिच्याच जोरावर ती लढते आहे. मग जिला मूल नाही, तिच्या अंगाला काहीच किंमत नाही का? बुची एमेचेटा या नायजेरियन लेखिकेनं १९७९च्या कादंबरीला 'आईपणाची सुखं' असं उपरोधिक नाव दिलं. तिची नायिका मुलांसाठी जन्म झिजवते आणि रस्त्याकडेला एकटी मरते. आईची पूजा करणारा समाज आईला सांभाळतोच असं नाही. व्यासपीठावरून 'माता-भगिनींनो' म्हणणारे आणि रस्त्यात आईवरून शिव्या देणारे आपल्याकडे वेगळे कुठे असतात?

तरीही ग्बोवींना 'हे हत्यार टाका' म्हणायची माझी हिंमत नाही. दारात मरण उभं असताना विळी कुणी घडवली हे कोण विचारतं? हाताला लागेल ते उचलायचं.

फक्त एक गोष्ट नीट बघायला हवी. अक्रातला तो क्षण चालला, कारण त्याच्यामागे कित्येक महिन्यांचं बसणं होतं, दोन धर्मांच्या बायकांची जुळवाजुळव होती. नैरोबीत तर शापानं लाठ्या थांबल्या नाहीत. माथाई बेशुद्ध पडल्या. त्या आया मग जवळच्या कॅथीड्रलमध्ये जवळपास वर्षभर बसून राहिल्या, तेव्हा कुठे बहुतेक मुलं सुटली. आईपणानं दार किलकिलं केलं असेल, पण उघडलं ते चिकाटीनं.

आणि त्या आयांसोबत बसलेल्या माथाई कोण होत्या? घटस्फोटित बाई. नवऱ्यानं 'माझं आडनाव लावू नको' म्हटल्यावर त्यांनी 'मथाई'ला एक काना जोडून 'माथाई' करून टाकलं. त्यांचा कुणी मुलगा त्या तुरुंगात नव्हता. तरी त्या आयांनी त्यांना 'तुला काय कळणार' म्हटलं नाही.

मला वाटतं, कसोटी हीच. उसनं हत्यार सत्तेवर उगारलं तर ते हत्यार. शेजारच्या बाईवर उगारलं, की ती पुन्हा रूढीच.

पुढची मीटिंग लागली आहे, विषय पुन्हा पाणीच. या वेळी मी काकूंच्या शेजारी जाऊन बसणार आहे. त्यांनी सरकून जागा दिली, तर बोलायला दोघी उठू. नाही दिली, तर मी उभ्यानंच बोलेन.