गाठोडं

चाकणच्या एका कारखान्यात काम करणारी एक मुलगी होती. तिच्या मशीनवर दोन बटणं होती आणि दोन्हींवर एकेक जपानी अक्षर. चालू कुठलं आणि बंद कुठलं, हे हाताला ठाऊक होतं. डोळ्यांना वाचता येत नव्हतं. काय्झेन, कानबान, पोका-योके हे जपानी शब्द तर दिवसभर कानावर पडायचे. एकदा तिच्या मनानं घेतलं, ही भाषा आपण शिकायची. शिफ्ट दर आठवड्याला बदलायची, त्यामुळे क्लास जमणार नव्हता. जे काही करायचं ते घरीच.

तिनं साधनं जमवायला सुरुवात केली. वर्षभरात मोबाइलमध्ये सात ॲप झाली, कांजीचे, म्हणजे चिनी वळणाच्या अक्षरांचे, तक्ते झाले, व्हिडिओंची लांबलचक यादी झाली, दोन जाड पुस्तकं आली. नवं काही मिळालं की ती पहिल्यापासून सुरू करायची, चार दिवसांनी कुणीतरी त्याहून चांगलं सुचवायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. वर्ष संपलं तरी गाडी ‘का, की, कु’च्या पुढे सरकली नव्हती. अशा माणसाला जपानीत ‘तीन दिवसांचा भिक्षू’ म्हणतात, हे तिला तेवढं पाठ झालं होतं.

घरी आजी होती. दुपारच्या उन्हात ओट्यावर बसून गोधडी शिवायची. मुलगी कामाला निघताना म्हणायची, “आजी, जाते.” की आजी मान वर न करता टोकायची, “जाते म्हनू नये गं. येते म्हनावं.”

एका सुट्टीच्या दिवशी मुलीनं माळ्यावरचं चिंध्यांचं मोठं गाठोडं खाली काढलं. “आजी, एवढी कापडं पडलीत, तरी तू त्या एकाच जुन्या लुगड्यावर काय बसलीस?”

आजी म्हणाली, “गाठोडं पांघरून कुनाची थंडी गेली का? आधी एक लुगडं अंथरायचं. घरातलंच, अंगाला सवयीचं. मग कडेकडेनं धावदोरा घालत आत यायचं. ठिगळ लागंल तसं गाठोड्यातनं घ्यायचं. नुसती कापडं गोळा करनं म्हंजे शिवनं न्हाई.”

त्या रात्री मुलीनं सहा ॲप काढून टाकली. एक पुस्तक ठेवलं, ‘मिन्ना नो निहोंगो’चा पहिला भाग, पंचवीस धड्यांचा. त्यातलं मूळ पुस्तक सगळं जपानीत असतं, म्हणून अर्थाची आणि व्याकरणाची वेगळी वही जवळ घेतली. रोज अर्धा तास, शिफ्ट कुठलीही असो.

अंथरायला लुगडं कुठलं, हे तिला जपानीची हिरागाना लिपी गिरवताना कळलं. अक्षरांच्या ओळी अशा होत्या: आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. हा तर आपल्याच वर्णमालेचा क्रम! संस्कृत मंत्रांची सिद्धम् लिपी अभ्यासणाऱ्या जपानी भिक्षूंमुळे तो क्रम तिकडे रुजला. हिरागानाची ४६ आणि काताकाना या दुसऱ्या लिपीची ४६ अक्षरं तिनं महिन्याभरात हाताखालून घातली आणि ती झाली त्याच दिवशी देवनागरीत उच्चार लिहायचं थांबवलं. ते थांबवणं फार महत्त्वाचं. देवनागरीची काठी हातात राहिली की जपानी अक्षर कायम परकंच राहतं.

व्याकरणात तर लुगडं आणखी रुंद निघालं. क्रियापद शेवटी, शब्दयोगी अव्यय शब्दाच्या मागे. प्रश्न विचारायचा तर वाक्याच्या शेवटी ‘का’: “इकिमास का?” जाता का? दुजोरा हवा तर ‘ने’, आपल्या ‘ना’सारखा. ‘ताबेते मिरु’ म्हणजे खाऊन बघणे, आणि ‘मिरु’चा अर्थ खरोखरच बघणे. ‘योंदे ओकु’ म्हणजे वाचून ठेवणे, आणि ‘ओकु’ म्हणजे ठेवणे. इंग्रजीतून शिकणाऱ्याला ज्यासाठी पान-पानभर टीप लागते, ते मराठी माणसाच्या जिभेवर आधीच असतं. आपण ते वापरत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

सगळंच काही घरात सापडलं नाही. ‘वा’ आणि ‘गा’ या दोन प्रत्ययांतला फरक मराठीच्या मापात बसेना; तो वाचून वाचूनच मुरला. स्वरांची लांबी चुकली की घोटाळा. ‘ओबासान’ म्हणजे मावशी-आत्या, ‘ओबाऽसान’ म्हणजे आजी. तिनं महिनाभर आजीला आत्या केलं होतं.

शब्दांसाठी तिनं चपलांच्या खोक्यात पाच कप्पे केले. बरोबर आलेली चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकलेली पुन्हा पहिल्यात. पहिला कप्पा रोज, शेवटचा महिन्यातून एकदा. ‘आंकी’ हे ॲप हेच काम करतं, त्या शब्दाचा अर्थच पाठांतर. पण तिला खोकं बरं वाटलं. कांजी मात्र तिनं सुट्या पाठ केल्या नाहीत. रोजच्या वापराच्या म्हणून ठरवलेल्या २१३६ आहेत. तेवढं गाठोडं एकदम सोडलं तर माणूस त्याखाली दबतो. शब्द आला की त्याची कांजी, ठिगळ लागेल तसं. पुढे ती जपानच्या एनएचके वाहिनीच्या सोप्या बातम्या वाचू लागली, तिथे कांजीच्या डोक्यावर उच्चार छापलेला असतो. एकेक वाक्य ऐकायचं आणि बोलणाऱ्याच्या पाठोपाठ मोठ्यानं म्हणायचं. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेत बोलायला लावत नाहीत, म्हणून अनेक जण मुकेच पास होतात. तिला तसं व्हायचं नव्हतं.

एक दिवस मशीनवरची अक्षरं तिनं वाचली. चालूच्या बटणावर ‘आत येणे’ची कांजी होती, बंदच्या बटणावर ‘कापणे’ची. त्या दिवशी ती बटणाकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिली.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी पुण्यात तिची जेएलपीटीच्या पहिल्या पायरीची, एन-फाइव्हची, परीक्षा होती. पहाटे गारठा होता. आजी नव्या गोधडीत गुरफटून ओट्यावर बसली होती. मुलीनं चपला घातल्या आणि उंबऱ्यातून म्हणाली, “ओबाऽसान, इत्ते किमास.”

“म्हंजे काय गं?”

“तिकडे घरातून निघताना असंच म्हणतात आजी. जाऊन येते.”

आजीनं मान वर केली. “आनि घरातलं मानूस काय म्हनतं?”

“इत्ते राश्शाइ. जाऊन ये.”

आजीनं तो शब्द दोनदा तोंडात घोळवला, तिसऱ्यांदा मोठ्यानं म्हटला, आणि गोधडीतून हात बाहेर काढून हलवला.