पुढारी आणि पायरी



आपल्या संप्रदायात पुढारी पुष्कळ आहेत. फडाचा मालक पुढारी, दिंडीचा विणेकरी पुढारी, कीर्तनकार पुढारी, आणि गावच्या सप्ताहाची वर्गणी गोळा करणारा पंच, तोही पुढारीच. आता पुढारी म्हणजे काही वाईट असे नव्हे. शेकडो माणसे एका वाटेने चालवायची म्हणजे पुढे कोणीतरी हवाच. प्रश्न एवढाच की, पुढे चालणाऱ्याच्या अंतःकरणात काय चालले आहे? पाय पुढे आहेत, ठीक. पण मन कुठे आहे? याच एका गोष्टीचा आज थोडा विचार करू.

हा विचार करायला हिंगोली जिल्ह्यासारखी दुसरी जागा नाही. जिल्हा म्हणून हा १९९९ साली परभणीतून वेगळा निघाला. पण भूमी फार जुनी. कयाधूच्या काठचे नरसी हे नामदेवरायांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने मानले जाते, जन्म इ. स. १२७० चा. आणि याच जिल्ह्यात औंढा नागनाथ, जिथे त्यांना विसोबा खेचर भेटले. म्हणजे देह मिळाला तोही इथेच आणि दृष्टी मिळाली तीही इथेच!

कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे, पण पुढाऱ्याने ती वर्षातून एकदा तरी स्वतःसाठी ऐकावी. नामदेवराय म्हणजे देवाचे लाडके. देव त्यांच्या हातचा नैवेद्य खातो, त्यांच्याशी बोलतो. अशा माणसाला कोण काय म्हणणार? पण तेरेस संतमंडळी जमली होती आणि धाकटी मुक्ताबाई गोरोबाकाकांना म्हणाली, काका, तुमच्या थापटण्याने एवढी मडकी पारखून द्या. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारले. बाकीचे शांत बसले. नामदेवरायांना राग आला. झाले! काकांनी निकाल दिला, हे मडके कच्चे.

इथे नीट लक्ष द्या. भक्ती कमी होती का? नव्हती. प्रेम खोटे होते का? मुळीच नव्हते. कच्चे काय होते? ‘मी देवाचा लाडका’ यातला ‘मी’. तो ‘मी’ घेऊन ते पंढरीस गेले आणि देवानेही बाजू घेतली नाही. गुरू कर म्हणून पाठवून दिले. औंढ्यात बघतात तो काय, विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेवराय रागावले. विसोबा म्हणाले, बाबा, म्हातारा झालो. पिंड जिथे नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव. पाय जिकडे ठेवावेत तिकडे पिंड! मग डोळे उघडले.

औंढ्यातच आणखी एक गोष्ट सांगतात. देवळापुढे नामदेवरायांचे कीर्तन चालले होते. त्यांना तिथून उठवले, मागे जा म्हणाले. तेरेला एका थापटण्याने रागावलेला माणूस. आता काय करील? भांडला नाही, मान मागितला नाही. देवळाच्या मागे गेला आणि तिथे गाऊ लागला. आणि देऊळच फिरले! नंदी मागे राहिला, तो आजही औंढ्यात मागेच आहे. लोक देऊळ फिरले याचे नवल करतात. मला वाटते, त्याआधी मन फिरले होते. देऊळ नंतर फिरले.

मग असे फिरलेले मन ओळखावे कसे? नमस्कारावरून ओळखू म्हणाल, तर फसाल. आपल्याकडे सगळेच सगळ्यांच्या पाया पडतात. पण वाकलेल्या माणसाचे डोळे कधी कधी, माझ्या पाया कोण पडतो, इकडेच असतात. म्हणून गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना पहिले अमानित्व आणि त्याला लागूनच अदंभित्व. मान नको, आणि मान नको याचे प्रदर्शनही नको. ज्ञानोबारायांनी त्यावर किती विस्ताराने सांगितले आहे ते मुळातून वाचावे.

तीन खुणा मात्र घरच्या घरी तपासता येतात. पहिली, वीणा. सप्ताहात वीणा खाली ठेवीत नाहीत. एकाचा पहारा संपला की दुसरा येतो, पहिला त्याच्या पाया पडतो, दुसरा पहिल्याच्या पडतो, आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. जोवर गळ्यात वीणा आहे तोवर लोक पाया पडतात. त्या पाया वीणेच्या पडतात, आपल्या नव्हे. ती उतरवून देताना जीव हलका होतो की खंतावतो? आपल्यानंतरचा विणेकरी अधिक चांगला निघाला तर आनंद होतो की पोटात दुखते? उत्तर दुसऱ्याला सांगू नका, पांडुरंगाला सांगा.

दुसरी खूण, तक्रार. माउलींच्या पालखीत तळावर समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंच करतात आणि एवढा अफाट समाज एका क्षणात गप्प होतो. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवीत राहते. चोपदार स्वतः तिच्याकडे जातात, ऐकून घेतात, निवाडा होतो, आणि मगच आरती. केवढी मोठी शिकवण आहे! नम्रता म्हणजे दुबळेपणा नव्हे. दंड उचलायचा तिथे उचललाच पाहिजे. पण एका दिंडीचा टाळ वाजत असताना पुढाऱ्याने आरती उरकू नये. आपल्या मंडळींत कोणाचा टाळ कधीपासून वाजतो आहे, हे आपल्याला ठाऊक आहे का? आणि आपल्या डोक्यावर थापटणे मारणारा एखादा गोरोबाकाका आपण जवळ ठेवला आहे, की सगळे होयबाच गोळा केले आहेत?

तिसरी खूण, सावलीतली माणसे. नामदेवरायांच्या घरची दासी जनी. तिचे अभंग आज दिंडीदिंडीत गातात. मंगळवेढ्यास कुसू कोसळून चोखोबा गाडले गेले, तेव्हा त्यांच्या अस्थी शोधायला नामदेवराय स्वतः गेले, असे परंपरा सांगते. ज्याच्या सावलीत दुसरी झाडे वाढतात तो पुढारी. ज्याच्या सावलीत सारे खुरटते, तो मोठा असेल, पण पुढारी नव्हे.

ही वृत्ती काही आपल्याच घरची मिरास नाही. राजसूय यज्ञात भगवंतांनी उष्टी पत्रावळ उचलली, असे आपण सांगतो. ख्रिस्ती लोक सांगतात की, शेवटच्या जेवणाच्या रात्री येशूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, पण तुकोबांचे ऋण विसरले नाहीत. अभंग आणि कीर्तन त्यांनी आपल्या नव्या मंडळीत नेले. १९१७ साली मिशनचा पगार सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभा करायला घेतला. मार्ग निराळा, कसोटी तीच.

आता शेवटची गोष्ट. पंढरीस महाद्वारात नामदेवराय कुठे आहेत? पायरीत. संतांच्या पायांची धूळ लागावी म्हणून. आळंदीस हैबतबाबा कुठे आहेत? तेही पायरीत. शिंदे सरकारचे सरदार, हुकूम सोडण्याची सवय असलेला माणूस. पालखीसोहळ्याला आजची शिस्त त्यांनी लावली, आणि स्वतः महाद्वाराची पायरी होऊन राहिले. त्या पायरीच्या पूजेनेच आळंदीच्या कार्तिकी सोहळ्याला सुरुवात होते.

दोघेही पुढारी, दोघांनीही शेवटी जागा मागितली ती पायांखालची. कळसाला लोक लांबून हात जोडतात; पण देवापर्यंत जायचे तर पायरीवरूनच जावे लागते. तेव्हा बाबांनो, पुढे चाला, अवश्य चाला. फक्त मनाने पायरी व्हा.

रामकृष्णहरी!